पंचगंगेकाठचा अखेरचा मान : कोल्हापूर महापालिकेच्या मोफत अंत्यसंस्कार सेवेविषयी

कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत माणूस गेला की त्याच्या दहनासाठी लागणारी लाकडे, शेणी (गोवऱ्या) आणि जागा यांचे पैसे घरच्यांकडून घेतले जात नाहीत. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे आधी खरे वाटत नाही, आणि कोल्हापूरकराला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण त्याने लहानपणापासून हेच पाहिलेले असते. यंदा आमचे थोरले चुलते, ज्यांना सगळी भावकी आण्णा म्हणत असे, वृद्धापकाळाने गेले आणि पंचगंगा स्मशानभूमीतील ही सेवा घरातला जबाबदार माणूस म्हणून मला जवळून पाहायला मिळाली. राजघराण्यांच्या अंत्यविधींच्या प्रथा हा बरीच वर्षे माझ्या वाचनाचा विषय असल्यामुळे मी या सेवेकडे त्याच नजरेने पाहिले, आणि हे परीक्षणही त्याच मापाने लिहीत आहे. माप मोठे आहे. पण ज्या नदीच्या घाटावर करवीर छत्रपतींच्या घराण्यातील समाधी मंदिरे उभी आहेत, त्याच नदीकाठी चालणाऱ्या सेवेला याहून लहान माप लावणे मला योग्य वाटत नाही.

राजाच्या अंत्ययात्रेचे वर्णन वाचताना प्रथम डोळ्यांत भरतात ते तोफा, घोडे, चंदन आणि छत्रचामरे. थोडे खोलात गेले की लक्षात येते, की हा सगळा थाट मोजक्या गोष्टींच्या आधारावर उभा असतो. कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले असते, त्यामुळे दुःखात बुडालेल्या माणसांना त्या घडीला निर्णय घ्यावे लागत नाहीत. प्रजेला अखेरच्या दर्शनासाठी वेळ आणि वाट दिलेली असते. आणि खर्चाचा विषय मृताच्या आप्तांपुढे कोणी काढत नाही. या तीन गोष्टी जिथे सांभाळल्या जातात तिथे अंत्यसंस्काराला इतमाम येतो, मग पार्थिव तोफेच्या गाड्यावरून नेलेले असो किंवा बांबूच्या तिरडीवरून.

ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे ८ सप्टेंबर २०२२ रोजी स्कॉटलंडमधील बालमोरल येथे निधन झाले आणि १९ सप्टेंबरला लंडनमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. त्या दिवसांत एकही गोष्ट चुकल्यासारखी दिसली नाही, याचे कारण त्या विधीची आखणी कित्येक वर्षे आधीपासून तयार होती आणि वेळोवेळी सुधारली जात होती. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवलेल्या शवपेटीसमोरून सुमारे अडीच लाख लोक गेले, आणि रांग सर्वांत लांब होती तेव्हा लोकांना दर्शनासाठी २४ तासांहून अधिक वेळ थांबावे लागत होते. शवपेटी ठेवलेला तोफेचा गाडा १४२ नौसैनिकांनी ओढला. ही प्रथा मुळात एका अडचणीतून जन्मली आहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या अंत्ययात्रेत थंडीत ताटकळलेले घोडे बिथरले, साज तुटला, आणि शेजारी उभ्या असलेल्या नौसैनिकांनी पुढे होऊन गाडा ओढत नेला. पुढच्या राजांच्या वेळी तोच रिवाज झाला. ऐन वेळी कोणी तरी समंजसपणे पुढे झाले की त्याचीच परंपरा होते, असे मला या प्रसंगावरून नेहमी वाटत आले आहे, आणि कोल्हापुरातील या सेवेमागेही असेच पुढे झालेले पुष्कळ हात आहेत.

थायलंडचे राजे भूमिबोल यांचे निधन १३ ऑक्टोबर २०१६ रोजी झाले आणि दहन २६ ऑक्टोबर २०१७ रोजी. मधल्या वर्षभरात बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर केवळ या एका दहनासाठी मेरू पर्वताच्या कल्पनेवर आधारलेली भव्य वास्तू उभारण्यात आली, आणि दहनाच्या दिवशी ठिकठिकाणच्या प्रजाजनांनी चंदनाच्या लाकडापासून केलेली फुले वाहिली. इतका काळ थांबणे आपल्याकडे कोणाला मानवणार नाही. पण सामान्य माणसाच्या हातचे एक लहानसे फूलही त्या अग्नीच्या वाटेला लागावे ही कल्पना फार उदात्त आहे. शेजारच्या नेपाळमध्ये राजाच्या निधनानंतर अकराव्या दिवशी ‘कट्टो’ नावाचा विधी होत असे. त्यात एक ब्राह्मण दिवंगत राजाचा पोशाख घालून भोजन करी आणि हत्तीवर बसून काठमांडूचे खोरे सोडून जाई. २००१ मध्ये राजे वीरेंद्र यांच्या हत्येनंतर हा विधी जगाने पाहिला. जपानमध्ये मात्र उलट दिशेचा प्रवास झाला. तेथील तत्कालीन सम्राट अकिहितो आणि सम्राज्ञी मिचिको यांच्या इच्छेनुसार त्यांचे दफन न करता दहन करावे आणि स्मारकही लहान असावे, असा निर्णय २०१३ मध्ये जाहीर झाला, आणि प्रजेवर भार पडू नये हा विचार त्यामागे होता. राजघराणीच साधेपणाकडे वळत असताना साधेपणातला इतमाम कसा असावा हे पाहण्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

कोल्हापूरच्या गादीचा इतिहास या बाबतीत मन हेलावून टाकणारा आहे. करवीरचे स्वतंत्र राज्य ज्यांनी उभे केले त्या महाराणी ताराराणी १७६१ मध्ये साताऱ्यात निवर्तल्या आणि त्यांची समाधी कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुली येथे आहे. त्यानंतर शतकभराने छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे करवीर गादीवरचे दुसरे राजाराम, १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले. इंग्लंडमध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, तेथील संस्था पाहिल्या, आणि परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या काळी त्या शहरात मृतदेहाचे दहन ही ऐकिवातली गोष्ट नव्हती. सोबतच्या मंडळींना दहनासाठी विशेष परवानगी मिळवावी लागली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, परक्या मुलखात, आपल्या रीतीने महाराजांना अग्नी देण्यात आला. संगमाची जागा निवडण्यात त्या मंडळींची जी तळमळ दिसते ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांच्या राजधानीपासून जवळच, प्रयाग चिखलीला, नद्यांचा संगम आहे, त्यांच्या राजासाठी त्यांनी हजारो मैलांवर दुसरा संगम शोधला. १८७४ मध्ये तिथे छत्री, म्हणजे घुमटीचे स्मारक, उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मॅन्ट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे आपला नवा राजवाडा आखला त्यांचाच, आणि आतला अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. आर्नो नदीवर त्या जागेजवळ १९७० च्या दशकात बांधलेला मोठा पूल आजही त्या भारतीय राजाच्या नावानेच ओळखला जातो.

त्यांच्यानंतर गादीवर आलेले चौथे शिवाजी महाराज यांच्या वाट्याला तर याहून कठीण शेवट आला. अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर झालेला अन्याय कोल्हापूर आजही विसरलेले नाही. म्हणजे सलग दोन छत्रपती आपल्या प्रजेपासून आणि आपल्या नदीपासून दूर गेले, आणि करवीरच्या प्रजेला त्यांचे अंत्यदर्शन घडले नाही. ज्या गावाने ही हुरहुर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या गावात कोणाच्याही माणसाला पंचगंगेचा काठ विनासायास मिळावा, अशी व्यवस्था पुढे उभी राहिली याचे मला फार समाधान वाटते. या दोन गोष्टींचा कागदोपत्री संबंध नाही. तरीही आण्णांना घेऊन आम्ही घाटाच्या बाजूला आलो तेव्हा हा सगळा इतिहास मनात होता.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळतो. डॉक्टरांचा दाखला हातात आल्यावर आमच्या गल्लीतील तालमीच्या मंडळींनी स्मशानभूमीत वर्दी दिली आणि शववाहिकेची व्यवस्था केली. आम्ही पोहोचण्याआधीच दहनाची जागा झाडून, धुऊन ठेवलेली होती, आणि शेणी व लाकडे काढून ठेवली होती. सरण रचणारे कर्मचारी या कामात इतके तरबेज आहेत, की कुठली शेणी आडवी आणि कुठली उभी लावायची, वारा कोणत्या बाजूचा आहे, छातीवर आणि पायांकडे किती भार द्यायचा, हे त्यांना कोणाला विचारावे लागत नाही. केवळ लाकडांवर दहन करायचे तर साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते असे मानले जाते. शेणींमुळे त्यात मोठी बचत होते आणि आच शेवटपर्यंत सारखी राहते. या कर्मचाऱ्यांनी आमच्याकडे कशाचीही अपेक्षा व्यक्त केली नाही. अग्नी देण्याआधी त्यांच्यापैकी एक वयस्क गृहस्थ चुलतभावाजवळ आले, “घाई करू नका, सगळ्यांचं पाणी देऊन होऊ दे,” एवढेच म्हणाले आणि बाजूला जाऊन उभे राहिले. अशा वेळी दोन वाक्यांत धीर देणे आणि मग दूर होणे हे कोणत्याही दरबारी मानकऱ्याला शोभेल असे वागणे आहे, आणि या परीक्षणात सर्वाधिक गुण द्यायचे तर मी या माणसांना देईन. करोनाच्या साथीत रक्ताचे नातेवाईकही जवळ येऊ शकत नव्हते तेव्हा याच प्रकारच्या कर्मचाऱ्यांनी अनोळखी माणसांना अग्नी दिला, हे विसरून चालणार नाही.

पैशांचा विषय निघाला म्हणून एक तुलना नोंदवतो. दुसऱ्या एका मोठ्या शहरात आमच्या नात्यातील एका बाईंच्या अंत्यविधीचे काम एका खासगी सेवेकडे दिले होते. तिचे नाव इथे घेण्याचे कारण नाही. त्यांच्या माणसाने दारात पाऊल ठेवताच दरपत्रक पुढे केले; साधे सरण, आंब्याचे लाकूड, चंदनाचे तुकडे घातलेले सरण, फुलांनी सजवलेली गाडी, प्रत्येकाचा दर वेगळा. काम त्यांनी चोख केले. परंतु आईचे कलेवर घरात असताना तिच्या मुलाला स्वस्त आणि महाग यांतून निवड करावी लागली, आणि स्वस्त निवडले तर भावकी काय म्हणेल या धास्तीने त्याने ऐपतीबाहेरचा खर्च केला. कोल्हापुरात हा प्रसंग कोणावर येत नाही. बंगल्यातला माणूस असो की झोपडीतला, त्याच शेणी आणि तेच लाकूड. राजाच्या बाबतीत खर्च दरबार करतो म्हणून कुटुंबाला त्याचा विचार करावा लागत नाही; इथे तो भार शहराने उचलला आहे, आणि त्यात लोकांचा वाटाही मोठा आहे. होळीच्या दिवसांत अनेक मंडळे, शाळा आणि तालमी होळी लहान करतात आणि उरलेल्या शेणी स्मशानभूमीला देतात. कोणी वाढदिवसाला, कोणी आई-वडिलांच्या श्राद्धतिथीला ट्रॉलीभर शेणी पोहोचवतो. बँकॉकच्या चंदनी फुलांविषयी मी वर जे लिहिले, त्याचे खरे नाते मला या शेणीदानाशी दिसते, कारण इथेही अनोळखी माणसाच्या सरणाला आपल्या हातचे काही तरी लागावे हीच भावना आहे.

जबाबदाऱ्यांच्या वाटणीविषयी लिहायचे तर इथे महापालिकेइतकेच श्रेय पेठांना आणि तालमींना द्यावे लागते. कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत असा एखादा जाणता माणूस असतो, की जो बातमी कळताच येऊन उभा राहतो आणि पुढची सगळी सूत्रे हातात घेतो. तिरडी कोणी बांधायची, मडके कोण धरणार, पाहुण्यांना फोन कोण करणार, परगावची लेक पोहोचेपर्यंत किती वेळ थांबायचे, मातीची वेळ काय ठरवायची, फलकावर काय लिहायचे, हे सारे तो हळू आवाजात ठरवत जातो आणि कोणी त्याला आडवे जात नाही. घरातल्यांनी फक्त बसायचे आणि रडायचे असते. राजवाड्यांत हे काम वंशपरंपरागत मानकरी करत. आपल्याकडे ते तालमीतली पोरे करतात. महापालिकेची सेवा या व्यवस्थेवर आधारलेली आहे, हे बाहेरून आलेल्या आणि सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत जाणवते. त्यांच्या दारात असा जाणता माणूस नसतो, आणि कुठे वर्दी द्यायची, कोणते कागद न्यायचे, काय घेऊन जायचे हे त्यांना ठाऊक नसते. अशा कुटुंबांसाठी साध्या मराठीत एका पानाची माहिती प्रत्येक रुग्णालयाच्या आणि विभागीय कार्यालयाच्या दर्शनी भागात लावली, तर या सेवेचा लाभ अधिक सन्मानाने घेता येईल.

अंत्यदर्शनाच्या बाबतीत मला आपल्या वागण्याविषयी थोडे स्पष्ट लिहायचे आहे. आण्णांना घरी ठेवले होते तेव्हा दर्शन नीट झाले. बायकांनी ओवाळले, थोरल्या नातवाने डोक्याला पटका बांधला, गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी पायावर हात ठेवला. स्मशानभूमीत मात्र, विशेषतः मोठ्या माणसाचा अंत्यविधी असेल तेव्हा, श्रद्धांजलीची भाषणे लांबतात, आणि भाषण करणाऱ्याचा रोख दिवंगतावरून हळूहळू स्वतःकडे वळतो. सरणावर पार्थिव ठेवलेले असताना हे होणे बरे नव्हे. वेस्टमिन्स्टरच्या हॉलमध्ये दिवसरात्र लोक गेले ते एक शब्दही न बोलता, शवपेटीसमोर क्षणभर मान लवून. आणि आपल्याकडेही याचे एक उत्तम उदाहरण आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला १०० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ६ मे २०२२ रोजी, सकाळी १० वाजता कोल्हापूरने १०० सेकंद स्तब्ध राहून त्यांना आदरांजली वाहिली. रस्त्यावरची वाहने जिथल्या तिथे थांबली, दुकानदार दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. ज्या शहराला हे जमते, त्याला स्मशानभूमीत दहा मिनिटे शांत राहणे अवघड नाही. शासकीय इतमामात होणाऱ्या अंत्यसंस्कारांतही शिस्त कशी असते ते पाहावे. पार्थिवावरील राष्ट्रध्वज अग्नी देण्यापूर्वी काढून घेतला जातो, कारण तो सरणावर जाळता किंवा थडग्यात उतरवता येत नाही असा राष्ट्रध्वज संहितेचा नियमच आहे. त्यानंतर मानवंदना होते, आणि प्रत्येक हालचालीला क्रम असतो. अशा क्रमाने दुःखाला आधार मिळतो.

शाहू महाराजांचे नाव निघाले आहे तर या नदीशी असलेले त्यांचे नाते सांगितलेच पाहिजे. १८९९ मध्ये कार्तिक स्नानासाठी महाराज पंचगंगेवर गेले असता पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे लक्षात आले, आणि तेथून जे वेदोक्त प्रकरण उभे राहिले त्याने महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला वळण दिले. प्रत्यक्ष छत्रपतींनाही धर्मकार्यात उणा मान देणारी व्यवस्था सामान्य माणसाला काय देत असेल, हे महाराजांनी ओळखले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, खेतवाडीतील पन्हाळा लॉज येथे, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. यावेळी मात्र कोल्हापूर अंत्यदर्शनाला मुकले नाही. पार्थिव कोल्हापुरात आणले गेले आणि पंचगंगेकाठी अंत्यसंस्कार झाले. आपली समाधी नर्सरी बागेत व्हावी ही त्यांची इच्छा पूर्ण व्हायला पुढे जवळजवळ शतक लागले, आणि १९ जानेवारी २०२० रोजी त्या समाधी स्मारकाचे लोकार्पण झाले. तिथे गेले की जाणवतो तो त्या जागेचा साधेपणा, आणि लोकराजाला तो साजेसा आहे. जात विचारून मान देण्याच्या रीतीविरुद्ध ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या राजधानीत आज सरण रचताना मृताची जात किंवा ऐपत विचारली जात नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांत स्मशानाच्या जागा अजून वेगवेगळ्या आहेत, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

सेवेच्या मर्यादाही लिहायला हव्यात. पहिली मर्यादा नदीचीच आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारख्या वेळी पंचगंगा स्मशानभूमी पाण्याखाली जाते आणि दहनासाठी कसबा बावडा, कदमवाडी, बापट कॅम्प येथील स्मशानभूमींकडे जावे लागते. त्या दिवसांत कोणती जागा सुरू आहे आणि कोणत्या रस्त्याने जाता येईल याची माहिती पुराच्या इतर सूचनांबरोबरच रोज जाहीर व्हावी. दूध आणि पेट्रोल कुठे मिळेल हे जसे सांगितले जाते तसेच हेही सांगितले जावे. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. ओल सुटलेली शेणी नीट पेटत नाही, धूर होतो आणि नातेवाइकांना ते पाहवत नाही. म्हणून ज्यांना शेणीदान करायचे आहे त्यांनी ते उन्हाळ्यातच, मृगाच्या आधी करावे, म्हणजे साठा कोरडा राहील. तिसरी सूचना बसण्याच्या जागेची आहे. पूर्वी स्मशानात बायका येत नसत. आता लेकी-सुना येतात, काही घरांत मुलगीच अग्नी देते, आणि हा बदल अत्यंत स्वागतार्ह आहे. त्यांच्यासाठी आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी सावलीत, दहनाच्या जागेपासून जरा अंतरावर बाकांची सोय वाढवली, तर हा बदल अधिक सुखाचा होईल.

रक्षाविसर्जनाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रक्षा भरायला गेलो. नदीत रक्षा सोडण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यामागची श्रद्धा खरी आहे. परंतु ही रीत ठरली तेव्हा पंचगंगेला आजच्याइतके सांडपाणी सोसावे लागत नव्हते. अलीकडे अनेक कुटुंबे अस्थींचा थोडा अंश विधीपुरता पाण्यात सोडतात आणि उरलेली रक्षा आपल्या शेतात किंवा झाडाच्या बुंध्याशी घालतात. आम्हीही तसेच केले. आण्णांनी ज्या आंब्याला हयातभर पाणी घातले त्याच्या आळ्यात रक्षा घातली, आणि भावकीतल्या सर्वांत कर्मठ काकूंनीही त्याला होकार दिला. ज्यांना शेत किंवा अंगण नाही अशा शहरातल्या कुटुंबांसाठी नदीकाठाजवळ झाडांची एखादी राखीव जागा केली, तर पुष्कळांचा निर्णय सोपा होईल. राजांना छत्र्या मिळाल्या. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या छत्रीत तर दिवंगत राजांच्या मूर्तींना वस्त्रे नेसवून नैवेद्य दाखवण्याची प्रथा आहे, आणि पुण्यात वानवडीला महादजी शिंदे यांच्या छत्रीत त्यांच्या मूर्तीला पगडी असते. सामान्य माणसाला एक झाड मिळाले तरी त्याच्या लेकरांना वर्षातून एकदा जाऊन उभे राहण्यापुरती जागा होईल.

या सेवेचा वापर करण्याची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी कागदपत्रांविषयी थोडे लिहितो, कारण त्या गडबडीत हेच राहून जाते. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयाकडून नमुना ४ मध्ये मिळते. घरी झाला असेल तर शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ते नमुना ४अ मध्ये घ्यावे लागते. त्यासोबत मृताचे ओळखपत्र आणि माहिती देणाऱ्या नातेवाइकाचे ओळखपत्र यांच्या प्रती न्याव्यात. स्मशानभूमीतील नोंदीत नाव, वय आणि पत्ता आधार कार्डावर आहे तसाच लिहून घ्यावा, कारण तिथे झालेली अक्षराची चूक पुढे वारसाच्या आणि बँकेच्या कामांत फार त्रास देते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत होणे कायद्याने आवश्यक आहे. ती वेळेत झाली तर विलंब शुल्क लागत नाही. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकाच वेळी काढून घ्याव्यात. आणि उत्तरकार्य आटोपल्यावर, ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या माणसासाठी जेवढ्या शेणी लागल्या असतील अंदाजे तेवढ्या तरी स्मशानभूमीत पोहोचत्या कराव्यात. आमच्या भावकीने आण्णांच्या तेराव्याला वाढणीची पंगत लहान ठेवून तेच केले.